फाईल सर्व्हर नव्याने सांभाळताय? नेटवर्क आणि स्टोरेजचे शब्द फाईलच्या वाटेने शिका

फाईल सर्व्हरचं काम नव्याने अंगावर आलं की शब्दांचा नुसता मारा सुरू होतो, सबनेट, व्हीलॅन, एक्स्पोर्ट, लन, रेड, आयनोड, कोटा, आणि मग बरेचजण कुठूनतरी एक यादी मिळवून पाठ करायला बसतात. पाठ होतेही, पण कामाला येत नाही. कारण यूजरची तक्रार येते ती "फोल्डर उघडत नाहीये" नाहीतर "फार स्लो चाललंय" एवढीच, त्यात यातला एकही शब्द नसतो, तो आपल्याला शोधून काढायचा असतो.

म्हणून मी सांगेन की हे शब्द फाईलच्या वाटेने शिका. यूजरने फोल्डरवर क्लिक केलं की ती मागणी काही ठरलेल्या टप्प्यांतून जाते, आधी नाव आणि पत्ता, मग पोर्ट, मग शेअर, मग परमिशन, मग फाईल सिस्टीम, मग व्हॉल्यूम आणि शेवटी डिस्क. प्रत्येक शब्द यातल्या कुठल्यातरी टप्प्यावर बसतो आणि प्रत्येक बिघाडसुद्धा. मागणी कुठपर्यंत पोचली आणि कुठे अडली हे कळलं की निम्मं काम झालं.

पायरी १: पत्ता

नेटवर्कवर प्रत्येक मशीनला आयपी ॲड्रेस असतो. आयपी व्हर्जन ४ चा पत्ता ३२ बिटचा, चार आकड्यांत लिहिलेला, जसं १९२.१६८.१०.२०. आतल्या नेटवर्कसाठी तीन रेंज राखून ठेवलेल्या आहेत, १० ने सुरू होणारी सगळी, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतची, आणि १९२.१६८ ने सुरू होणारी. तुमचा सर्व्हर यातल्याच एकीत असणार.

पत्त्याबरोबर सबनेट मास्क येतो. आपल्या जवळचं कोण आणि बाहेरचं कोण हे मशीनला मास्कवरून कळतं. २५५.२५५.२५५.० म्हणजेच स्लॅश २४, यात २५६ पत्ते असतात, पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा सोडला की मशीनसाठी २५४ उरतात. समोरचं मशीन आपल्याच सबनेटमध्ये असेल तर पॅकेट थेट जातं, बाहेरचं असेल तर गेटवेकडे जातं, आणि गेटवे म्हणजे बाहेर नेणारा राउटर. मास्क चुकला की फार विचित्र लक्षणं दिसतात, काही लोकांना सर्व्हर दिसतो, काहींना दिसतच नाही, आणि माणूस तासभर परमिशन तपासत बसतो. तेव्हा "काहींनाच चालतंय" असं ऐकलं की ती काही मशीन कुठल्या सबनेटमध्ये आहेत हे आधी विचारा.

आयपी हाताने दिला तर तो स्टॅटिक, डीएचसीपी सर्व्हरने वाटला तर डायनॅमिक. फाईल सर्व्हरला नेहमी पक्का पत्ता द्या, एकतर स्टॅटिक नाहीतर डीएचसीपीमध्ये रिझर्व्हेशन. रिझर्व्हेशन मॅक ॲड्रेसवर होतं, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ४८ बिटचा क्रमांक. स्टॅटिक देणार असाल तर तो पत्ता डीएचसीपीच्या वाटपाच्या रेंजबाहेरचाच घ्या, नाहीतर एखाद्या दिवशी तोच पत्ता कुणाच्यातरी लॅपटॉपला मिळतो आणि सर्व्हर मध्येच गायब होतो, मध्येच परत येतो. आणखी एक खूण लक्षात ठेवा, मशीनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर त्याला डीएचसीपीकडून उत्तरच मिळालेलं नाही, आणि मग सर्व्हरला हात लावायची गरज नाही, त्या मशीनची केबल, स्विचचा पोर्ट आणि डीएचसीपी बघा.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर केलेले वेगवेगळे नेटवर्क. त्यांचे नंबर १ ते ४०९४ या दरम्यान असतात. दोन मशीन एकाच स्विचला शेजारी शेजारी लावलेली असली तरी व्हीलॅन वेगळा असेल तर ती राउटरमधून गेल्याशिवाय एकमेकांशी बोलू शकत नाहीत. एवढं इथे पुरे.

पायरी २: नाव, आणि घड्याळ

यूजर पत्ता टाईप करत नाही, नाव टाकतो. नावाचा पत्ता काढून देतो तो डीएनएस. नाव ते पत्ता अशी जी नोंद तिला ए रेकॉर्ड म्हणतात, एका नावाला दुसरं नाव जोडणाऱ्या नोंदीला सीनेम. आणि उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ते टीटीएल ठरवतं, म्हणूनच सर्व्हरचा आयपी बदलला की काही मशीन बराच वेळ जुन्याच पत्त्यावर धडका मारत राहतात. आयपी बदलायचा बेत असेल तर एकदोन दिवस आधीच टीटीएल कमी करून ठेवा.

यूजरला शेअरचं नाव देताना मशीनचं खरं नाव न देता टोपणनाव द्यावं असं माझं ठाम मत आहे. उद्या सर्व्हर बदलला तर एक नोंद बदलायची, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरचे ड्राईव्ह बदलत फिरायचं नाही. फक्त डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांची लॉगिन एकाच ठिकाणाहून सांभाळणाऱ्या विंडोज नेटवर्कमध्ये, नुसता सीनेम टाकून भागत नाही, त्या टोपणनावाची एसपीएन म्हणजे केर्बेरोससाठीची नोंदही करावी लागते, नाहीतर नाव सापडतं पण लॉगिन अडखळतं.

केर्बेरोस म्हणजे पासवर्ड नेटवर्कवरून न पाठवता तिकिटावर ओळख पटवायची पद्धत, ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे डोमेनमधले यूजर आणि ग्रुप सांभाळणारी विंडोजची यंत्रणा, हीच वापरते. आणि तिकिटावर वेळ असते, त्यामुळे सर्व्हरचं आणि क्लायंटचं, म्हणजे यूजरच्या मशीनचं, घड्याळ ५ मिनिटांपेक्षा जास्त मागेपुढे झालं तर डिफॉल्ट सेटिंगमध्ये ओळख नाकारली जाते. काल चालत होतं, आज बरोबर पासवर्ड टाकूनही आत घेत नाही, असं झालं तर घड्याळ बघा. घड्याळं जुळवून ठेवायचं काम एनटीपी करतं, ते चालू आहे ना हे पहिल्याच दिवशी तपासा.

तपासायचं कसं? पिंगने, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतंय का हे विचारणाऱ्या कमांडने. आधी पत्त्यावर पिंग, मग नावावर पिंग. पत्त्यावर उत्तर येतंय आणि नावावर येत नाहीये, तर गडबड डीएनएसमध्ये. दोन्हींवर उत्तर येतंय तर पुढच्या पायरीला जा. काही ठिकाणी फायरवॉलवर पिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, त्यामुळे पिंगला उत्तर नाही एवढ्यावरून सर्व्हर बंद आहे असं धरून चालू नका.

पायरी ३: पोर्ट आणि प्रोटोकॉल

पत्ता सापडला तरी सर्व्हरवर कुठल्या सेवेकडे जायचं ते पोर्ट नंबर सांगतो. फाईल सर्व्हरवाल्याने पाठ करावेत असे थोडेच आहेत, एसएमबीचा ४४५, एनएफएसचा २०४९, आयस्कझी म्हणजे नेटवर्कवरून डिस्क देणाऱ्या प्रोटोकॉलचा ३२६०, आणि लॉगिनच्या मागे केर्बेरोसचा ८८ आणि यूजर-ग्रुपची यादी विचारायच्या एलडॅपचा ३८९. एसएमबीच्या जुन्या पद्धतीत १३७ ते १३९ लागायचे, आज नव्या सेटअपमध्ये सहसा लागत नाहीत.

एसएमबी ही विंडोजच्या दुनियेतली फाईल शेअर करायची भाषा. लिनक्सवर तीच भाषा बोलणारा प्रोग्राम म्हणजे साम्बा. एनएफएस ही युनिक्स आणि लिनक्सकडची, सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली. दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि तो नीट समजून घ्या, कारण पुढचे अर्धे घोळ त्यातूनच होतात. एसएमबीमध्ये माणूस लॉगिन करतो, सर्व्हर त्या माणसाला ओळखतो. एनएफएसच्या साध्या सेटअपमध्ये सर्व्हर मशीनवर विश्वास ठेवतो, आणि माणूस कोण हे क्लायंट मशीन नुसत्या एका आकड्याने सांगतं.

व्हर्जनकडे लक्ष द्या. एसएमबीचं पहिलं व्हर्जन बंद करा, त्यात तडजोड नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाईल्सना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरलं ते या व्हर्जनच्या सर्व्हरमधल्या एका भोकातूनच, आणि त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. जुना स्कॅनर किंवा जुनी मशीन चालत नाही म्हणून कुणी पहिलं व्हर्जन चालू करायला सांगितलं तर त्या मशीनसाठी वेगळी वाट काढा. तिसऱ्या व्हर्जनपासून एन्क्रिप्शनही मिळतं. एनएफएसमध्ये व्हर्जन ३ आणि ४ दोन्ही भेटतात, ३ ला पोर्टमॅपरचा १११ आणि बाकीचे मदतनीस पोर्ट लागतात, ४ ला एकटा २०४९ पुरतो, त्यामुळे मध्ये फायरवॉल असेल तर ४ घेतलेलं बरं.

पायरी ४: शेअर, एक्स्पोर्ट, माउंट

सर्व्हरवरचा एखादा फोल्डर नेटवर्कवर उघडा केला की एसएमबीत त्याला शेअर म्हणतात, एनएफएसमध्ये एक्स्पोर्ट. क्लायंटने तो आपल्याकडे जोडून घेणं म्हणजे माउंट, विंडोजवर ड्राईव्ह मॅप करणं. शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह दिलं तर तो यादीत दिसत नाही, पण नाव माहीत असलेला माणूस तिथे जाऊ शकतो, त्यामुळे ती सुरक्षा नव्हे, नुसतं झाकणं झालं.

लिनक्सवर एक्स्पोर्टची यादी ज्या फाईलमध्ये असते तिथे एक सापळा आहे. कुठल्या क्लायंटला काय परवानगी हे लिहिताना क्लायंटचं नाव आणि लगेच त्याला चिकटून कंसात पर्याय लिहायचे असतात. नाव आणि कंस यांच्यामध्ये चुकून एक स्पेस पडली तर अर्थच बदलतो, त्या क्लायंटला डिफॉल्ट म्हणजे फक्त वाचायची परवानगी मिळते आणि कंसातली लिहायची परवानगी बाकी सगळ्या जगाला मिळते. एरर येत नाही, बदल झालेला दिसतही नाही. म्हणून फाईल बदलल्यावर सर्व्हर नक्की कुणाला काय देतोय याची यादी कमांडने काढून डोळ्यांनी वाचा.

रूट स्क्वॉश हा शब्दही इथलाच. क्लायंटवरच्या रूट यूजरला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरला, सर्व्हरवर रूट न मानता नोबडी नावाच्या किरकोळ यूजरमध्ये बदललं जातं. डिफॉल्टने हे चालू असतं आणि चालूच ठेवा. "परमिशन डिनाइड येतंय, रूट स्क्वॉश बंद करून टाका" असा सल्ला सर्रास मिळतो, पण तो मानलात तर कुठल्याही क्लायंटवरचा रूट तुमच्या सर्व्हरवरच्या त्या फोल्डरचा मालक होतो.

माउंट करताना हार्ड आणि सॉफ्ट असे दोन पर्याय दिसतील. हार्डमध्ये सर्व्हर गेला तर क्लायंट तो परत येईपर्यंत थांबून राहतो, प्रोग्राम लटकल्यासारखा दिसतो पण डेटा शाबूत राहतो. सॉफ्टमध्ये ठरलेल्या वेळेनंतर एरर देऊन सोडून देतो, आणि लिहिणं चालू असताना असं झालं तर फाईल अर्धवट राहू शकते. लिहिण्याच्या शेअरला हार्डच ठेवा. स्टेल फाईल हँडल असा एरर आला तर समजायचं की क्लायंट ज्या फाईलला किंवा फोल्डरला धरून बसलाय ते सर्व्हरवर आता त्या रूपात उरलेलं नाही, डिलीट झालंय किंवा एक्स्पोर्ट बदललाय, आणि बहुतेक वेळा अनमाउंट करून परत माउंट केलं की जातं.

पायरी ५: परमिशन (इथे वेळ द्या)

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच असतात, म्हणून थोडं सविस्तर.

विंडोजवर एका फोल्डरला दोन थरांची परमिशन असते, शेअरची आणि एनटीएफएसची. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हीतून जावं लागतं आणि दोन्हींत जी कडक ती लागू होते. शेअरवर फक्त वाचा आणि एनटीएफएसवर फुल कंट्रोल असेल तर नेटवर्कवरून फक्त वाचता येणार, आणि तोच माणूस सर्व्हरवर थेट बसला तर सगळं करू शकणार. मला सोपं वाटतं ते असं की शेअरच्या थरावर सरसकट लिहायची परवानगी ठेवायची आणि खरी बारीक वाटणी एनटीएफएसवर करायची, म्हणजे तपासताना एकच जागा बघावी लागते.

परवानगी माणसाला देऊ नका, ग्रुपला द्या. माणसं येतात जातात, विभाग बदलतात, आणि प्रत्येक फोल्डरवर नावानिशी परवानग्या दिल्या असतील तर दोन वर्षांनी कुणाला काय दिसतंय हे कुणीच सांगू शकत नाही. ग्रुपमध्ये नवीन माणूस टाकल्यावर त्याला लॉग आऊट करून परत लॉगिन करायला सांगा, कारण कुठल्या ग्रुपमध्ये आहे याची यादी लॉगिनच्या वेळी बनते. हे न सांगितल्यामुळे "तुम्ही ॲड केलं म्हणता पण अजून उघडत नाही" हा फोन हमखास येतो.

इनहेरिटन्स म्हणजे वरच्या फोल्डरची परमिशन खाली उतरणं. जमेल तिथे ती चालू ठेवा. एकाच व्हॉल्यूमवर फाईल मूव्ह केली तर सहसा तिच्या जुन्या परमिशन तिच्यासोबत येतात, कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या लागतात, त्यामुळे एकाच फोल्डरमधल्या दोन फाईल्सपैकी एक उघडते आणि एक नाही असं चित्र दिसतं ते बरेचदा या मूव्हमुळे.

लिनक्सकडे प्रत्येक फाईलला मालक, ग्रुप आणि बाकीचे अशा तीन जणांसाठी वाचणे, लिहिणे, चालवणे या परवानग्या असतात, आकड्यात ४, २ आणि १. फोल्डरच्या बाबतीत चालवणे म्हणजे आत शिरणे. हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही, फाईलला सगळी परवानगी आहे पण वरच्या कुठल्यातरी एका फोल्डरला शिरायची परवानगी नाही, तर फाईल उघडत नाही. वाटेतला प्रत्येक फोल्डर तपासायला लागतो. सगळ्यांनी मिळून वापरायच्या फोल्डरवर सेटजीआयडी बिट लावा, म्हणजे आत बनणारी प्रत्येक नवी फाईल फोल्डरच्याच ग्रुपची होते. आणि या तीन जणांच्या मांडणीत जे बसत नाही त्यासाठी एसीएल, म्हणजे आणखी लोकांसाठी आणि ग्रुपसाठी परवानग्यांची जास्तीची यादी. घाईत ७७७, म्हणजे तिघांनाही सगळ्या परवानग्या, देऊन मोकळं होऊ नका, तक्रार थांबते पण फोल्डर सगळ्यांना उघडा पडतो आणि नंतर तो बंद करायची आठवण कुणालाच राहत नाही.

आता एनएफएसच्या त्या आकड्याकडे. लिनक्समध्ये यूजरचं नाव आपल्यासाठी असतं, सिस्टीम ओळखते ती यूआयडी आणि जीआयडी हे आकडे. एका क्लायंटवर १००१ म्हणजे एक माणूस आणि दुसऱ्यावर १००१ म्हणजे भलताच माणूस असेल, तर दोघांना एकमेकांच्या फाईल्स आपल्याच वाटतील. म्हणून सगळ्या मशीनवर आकडे एकाच ठिकाणाहून, एलडॅप किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून आलेले हवेत. व्हर्जन ४ मध्ये नावाने ओळख जुळवायची सोय आहे, तिथे सर्व्हर आणि क्लायंटवर डोमेनचं नाव वेगळं लिहिलेलं असेल तर सगळ्या फाईल्सचा मालक नोबडी दिसायला लागतो. आणि या साध्या पद्धतीत एका यूजरचे १६ च ग्रुप सर्व्हरपर्यंत पोचतात, सतरावा ग्रुप गळतो, त्यामुळे खूप ग्रुपमध्ये असलेल्या एखाद्यालाच एखादा फोल्डर उघडत नाही. असला प्रश्न माहीत नसेल तर दिवस जातो.

लॉक हा या पायरीतला शेवटचा शब्द. एकाने फाईल उघडली की दुसऱ्याला फक्त वाचायला मिळते, आणि पहिल्याचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडला तर लॉक काही वेळ तसाच लटकून राहतो. विंडोज सर्व्हरवर उघड्या फाईल्सची यादी दिसते, तिथून ती फाईल बंद करता येते, पण आधी त्या माणसाला फोन करा, त्याचं न सेव्ह केलेलं काम जाऊ शकतं.

पायरी ६: "स्लो आहे" म्हणजे नक्की काय

आधी बिट आणि बाइट वेगळे करा. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाईलचा आकार बाइटमध्ये, आणि ८ बिटचा १ बाइट. म्हणजे १ गिगाबिटच्या लाईनवर सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी, प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळाले तर लाईन ठणठणीत आहे. त्या वेगाने १ टीबी कॉपी व्हायला अडीच तास लागतातच, त्यात सर्व्हरचा दोष नाही. आणि वेग ११-१२ एमबीवर अडकून पडलाय असं दिसलं तर लिंक १०० मेगाबिटवर उतरलीये, गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, एखादी तुटली की ती खाली येते. केबल बदला.

बँडविड्थ म्हणजे एका वेळी किती डेटा जाऊ शकतो, लेटन्सी म्हणजे एक निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो. मोठी बस आणि लांबचा रस्ता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या फाईल्सना लेटन्सी मारते. समजा १ लाख बारीक फाईल्स आहेत आणि प्रत्येकीला उघडणं, वाचणं, बंद करणं मिळून चार फेऱ्या लागतात, तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या लॅनवर नुसत्या फेऱ्यांचे २०० सेकंद होतात, आणि तेच व्हीपीएनवरून २० मिलिसेकंदाने केलं तर ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास, लाईन कितीही जाड असली तरी. अशा वेळी फाईल्सची एक झिप करून पाठवायला सांगा, फरक लगेच दिसतो.

एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, साधारण १५०० बाइट. जम्बो फ्रेममध्ये तो ९००० करतात. करायचा तर सर्व्हर, स्विच, क्लायंट सगळीकडे सारखा, नाहीतर पिंग चालतं, फोल्डरची यादी दिसते आणि मोठी फाईल कॉपी करायला घेतली की सगळं थिजतं. नवीन असाल तर १५०० च राहू द्या.

दोन केबल जोडून एक मोठी लिंक करतात त्याला लिंक ॲग्रिगेशन म्हणतात, एलएसीपी हा त्याचा प्रोटोकॉल. त्याने अनेक यूजर वेगवेगळ्या केबलवर वाटले जातात. एका यूजरची एक कॉपी मात्र एकाच केबलवरून जाते, दुप्पट होत नाही.

पायरी ७: फाईल सिस्टीम

डिस्कवर फाईल्स कशा मांडायच्या ते फाईल सिस्टीम ठरवते. एनटीएफएस विंडोजची, ईएक्सटी४ आणि एक्सएफएस लिनक्सच्या, झेडएफएस स्वतःच व्हॉल्यूम सांभाळते आणि प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवते म्हणजे डेटा गुपचूप सडला तर कळतं. एक्सएफएस निवडताना एवढं लक्षात असू द्या की ती वाढवता येते, लहान करता येत नाही.

जागा ब्लॉकमध्ये वाटली जाते, बरेचदा ४ केबीचा एक ब्लॉक. आणि लिनक्सवर प्रत्येक फाईलला एक आयनोड लागतो, त्यात नाव सोडून फाईलची बाकीची माहिती असते. ईएक्सटी४ मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. म्हणून डिस्कवर शेकडो जीबी मोकळे दिसतायत आणि तरी "जागा नाही" असा एरर येतोय असं होऊ शकतं, कुठल्यातरी प्रोग्रामने लाखो चिमुकल्या फाईल्स बनवून आयनोड संपवलेले असतात. जागा तपासताना आयनोडही तपासा. याच्या उलटही होतं, मोठी लॉग फाईल डिलीट केली तरी जागा सुटत नाही, कारण एखाद्या प्रोग्रामने ती अजून उघडी धरलेली असते, तो रीस्टार्ट केला की जागा परत येते.

कोटा म्हणजे कुणी किती जागा वापरायची याची मर्यादा. सॉफ्ट लिमिट ओलांडली की ताकीद आणि थोडी मुदत, हार्ड लिमिटला लिहिणंच बंद. कोटा पहिल्या दिवसापासून लावा, डिस्क भरल्यावर लावायला गेलात तर प्रत्येकाशी वाद घालावा लागतो.

पायरी ८: व्हॉल्यूम, रेड, डिस्क

लिनक्सवर एलव्हीएम नावाचा थर असतो, डिस्क म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम, त्या एकत्र करून व्हॉल्यूम ग्रुप, आणि त्यातून हवे तेवढे तुकडे म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. सगळी जागा एकदम वाटून टाकू नका, ग्रुपमध्ये थोडी शिल्लक ठेवा.

रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एक करणं. रेड ० मध्ये फक्त वेग, एक डिस्क गेली की सगळं गेलं. रेड १ मध्ये हुबेहूब जोडी. रेड ५ ला कमीत कमी तीन डिस्क, एकीएवढी जागा पॅरिटीत, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायच्या हिशेबात, जाते आणि एक डिस्क गेली तरी चालतं. रेड ६ ला चार डिस्क, दोन गेल्या तरी चालतं. रेड १० म्हणजे जोड्यांवर पसरलेला डेटा, निम्मी जागा जाते पण लिहायला वेगवान. पॅरिटीत छोटं लिहिणं महाग पडतं, रेड ५ मध्ये एका लिहिण्याला डिस्कवर चार कामं होतात आणि रेड ६ मध्ये सहा.

मोठ्या हार्डडिस्कवर रेड ५ लावू नये असं मी म्हणतो ते रीबिल्डमुळे. डिस्क बदलल्यावर तिच्यावर डेटा परत बनवला जातो, १६ टीबीची डिस्क २०० एमबीच्या वेगाने भरायलाच बावीस तास लागतात, आणि त्या वेळी यूजरही काम करत असतात म्हणजे खरा वेळ आणखी जास्त. तेवढा वेळ बाकीच्या सगळ्या डिस्क पूर्ण जोरात वाचल्या जात असतात, त्या एकाच वयाच्या असतात, आणि दुसरी एखादी गेली तर सगळा ॲरे गेला. रेड ६ घ्या आणि एक हॉट स्पेअर ठेवा, ही आपोआप कामाला लागणारी शिल्लक डिस्क.

डिस्कच्या जोराचं माप आयओपीएस, सेकंदाला किती वाचणी-लिहिणी. ७२०० आरपीएमची हार्डडिस्क इकडे तिकडे विखुरलेल्या कामात शंभराच्या आसपास देते, साधी एसएसडी हजारोंत. ४ टीबीची डिस्क विंडोजवर ३.६३ दिसते त्याने घाबरू नका, कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद, त्यात रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे आकडे वाढायला लागले की डिस्क चालू असतानाच बदला.

इथेच नॅस आणि सॅन हे दोन शब्द भेटतील. नॅस फाईल देतो, म्हणजे वर सांगितलेलं सगळं एसएमबी-एनएफएस. सॅन कच्चे ब्लॉक देतो, सर्व्हरला ती आपलीच डिस्क वाटते. आयस्कझीमध्ये देणारा तो टार्गेट, घेणारा इनिशिएटर आणि दिलेला तुकडा म्हणजे लन. एकच लन दोन सर्व्हरना देऊन दोन्हींवर साधी फाईल सिस्टीम माउंट करू नका, दोघं एकमेकांना न विचारता लिहितात आणि डेटा खराब होतो. त्यासाठी क्लस्टर फाईल सिस्टीम, म्हणजे अनेक सर्व्हरनी एकत्र वापरायची फाईल सिस्टीम, लागते.

पायरी ९: स्नॅपशॉट आणि बॅकअप

स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या डेटाचं चित्र धरून ठेवणं. तो क्षणात होतो कारण सुरुवातीला काही कॉपी करावं लागत नाही, पुढे जे बदलतं त्याचंच जुनं रूप राखलं जातं. चुकून डिलीट झालेली फाईल परत द्यायला याच्यासारखं सोपं काही नाही, विंडोजवर यूजर स्वतःच प्रीव्हियस व्हर्जन्समधून काढू शकतो. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. रेडचंही तेच, रेड डिस्कच्या बिघाडापासून वाचवतो, यूजरने डिलीट केलेलं किंवा रॅन्समवेअरने कुलूप घातलेलं रेड तितक्याच इमानदारीने सगळ्या डिस्कवर लिहितो.

बॅकअप म्हणजे वेगळ्या जागी वेगळी प्रत. फुल म्हणजे सगळं, इन्क्रिमेंटल म्हणजे मागच्या बॅकअपनंतर बदललेलं, डिफरन्शियल म्हणजे मागच्या फुलनंतर बदललेलं. तीन-दोन-एक चा नियम धरा, डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. त्यातली एक प्रत नेटवर्कपासून तुटलेली असू द्या, कारण शेअरवर लिहू शकणारा व्हायरस जोडलेल्या बॅकअप ड्राईव्हवरही लिहू शकतो. आरपीओ म्हणजे किती वेळाचं काम गमावलं तर चालेल आणि आरटीओ म्हणजे किती वेळात परत उभं राहायला हवं. हे दोन आकडे आपण ठरवायचे नसतात, ज्यांचा डेटा आहे त्यांच्याकडून लिहून घ्यायचे असतात, आणि मग त्याप्रमाणे बॅकअप कधी कधी घ्यायचा ते बसवायचं.

आणि महिन्यातून एकदा खरंच रिस्टोर करून बघा. बॅकअप सॉफ्टवेअरने हिरवी टिक दाखवली म्हणजे फाईल लिहिली गेली एवढंच कळतं, ती उघडते की नाही हे उघडूनच कळतं. एक मधलाच कुठलातरी फोल्डर निवडा, मूळ जागेवर न टाकता वेगळ्या ठिकाणी रिस्टोर करा, किती वेळ लागला तो आरटीओच्या आकड्याशेजारी लिहा, आणि मग फाईल्स साध्या यूजरच्या लॉगिनने उघडा, कारण परमिशन परत आल्यात की नाही हे ॲडमिनच्या लॉगिनने कधीच कळत नाही.